सॉरीला काय म्हणू?

सारिका,

आधी आबांचं सांगते. तेच सारखं कानात घुमतंय, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचायचं नाही.

त्या दुपारी अतिदक्षता विभागाचं दार उघडून तो तरुण डॉक्टर बाहेर आला, तेव्हा तुझे वडील भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले होते. बाकावर बसा म्हणून मी किती वेळा म्हटलं, पण ते खालीच बसले. डॉक्टरनं मास्क खाली ओढला. आमच्या दोघांकडं बघितलं. मग आबांच्या समोर उकिडवा बसून म्हणाला, "सॉरी, काका." पुढं तो बरंच बोलला. जंतुसंसर्ग, रक्तदाब, शेवटपर्यंत केलेले प्रयत्न. आबा मान हलवत राहिले. तो आत गेल्यावर त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "मॅडम, सॉरी म्हंजी माफी मागू राहिले का ते? त्यांच्या हातून काही झालं का?"

मी म्हणाले, "नाही आबा. त्यांना वाईट वाटतंय, म्हणून म्हणाले."

"वाईट तर समद्यांलाच वाटंल," आबा म्हणाले. "माफी कोन मागनार?"

एका भाषेतल्या शब्दाला दुसऱ्या भाषेत काय म्हणायचं, हे शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि कन्नड तालुक्यातल्या एका म्हाताऱ्यानं फरशीवर बसून विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडं शब्द नव्हता. खरं सांगू? मी तुला विचारायला वळले. उजव्या बाजूला, जिथं तू नेहमी बसायचीस तिथं. तिथं कुणाची तरी पाण्याची बाटली ठेवलेली होती.

तू गेलीस हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा नाही.

*

पुंडलिकनगरातल्या माझ्या घराची मागची खोली तू भाड्यानं घेतलीस ती कॉलेजसाठी. स्पॅनिश हा शब्द तोवर तू ऐकलाही नव्हतास. आबा पोतंभर ज्वारी आणि तुझी पेटी घेऊन एसटीनं आले होते. पोरगी लई बोलते, तेवढं सांभाळून घ्या, असं त्यांनी मला सांगितलं होतं. माझे यजमान जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि घर इतकं गप्प होतं की बोलणारी पोरगी मला हवीच होती.

पुढच्या खोलीत माझे स्पॅनिशचे वर्ग चालायचे. शेंद्र्याच्या कारखान्यांतले दोघंचौघं इंजिनिअर, परदेशी शिकायला निघालेली मुलं. त्या दिवशी मी इंग्रजीतलं 'आस्क' समजावत होते. स्पॅनिशमध्ये त्याला दोन क्रियापदं आहेत आणि शिकणारा हमखास चुकीचं उचलतो. इंजिनिअर गोंधळले होते. तू धुण्याची बादली घेऊन दारातून चालली होतीस, थांबलीस, आणि कुणी न विचारता म्हणालीस, "मागणं आन् विचारणं येगळंच असतंय की, मॅडम. पाणी मागत्यात. रस्ता विचारत्यात."

सगळे हसले. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी तू बादली न घेता आलीस आणि सतरंजीवर पुढं बसलीस.

तुझं इंग्रजी कच्चं होतं म्हणून तू आधी लाजायचीस. पुढं आपल्या दोघींच्या ध्यानात आलं की त्यानं तुझं काही अडत नव्हतं. बाकीचे आधी इंग्रजीत उतरायचे आणि तिथून स्पॅनिशकडं निघायचे. तू घरातूनच निघायचीस. माहीत असणं आणि ओळखणं यांत तुला कधी घोळ झाला नाही, कारण एसटीची वेळ मला माहीत असते आणि माझी मावशी मी ओळखते, हे तुला कुणी शिकवायची गरज नव्हती. जिथं मराठी कामाला यायची नाही तिथं मात्र तू चिडायचीस. माझ्यावर चिडायचीस, जणू ती भाषा मीच रचली.

मग तू वेरूळला गाईड झालीस. परवान्याची परीक्षा, उन्हातली ती टोपी, गळ्यातलं ओळखपत्र. पहिल्या दिवशी संध्याकाळी परत आलीस ती शब्दांचं भांडण घेऊनच. इंग्रजीत 'कॉर्नर' म्हटलं की झालं, पण स्पॅनिशमध्ये बाहेरून दिसणारा कोपरा वेगळा आणि आत शिरल्यावर सापडणारा कोपरा वेगळा. खांबाची कड ती एस्किना, आणि लेण्याच्या आतला अंधारा कोपरा तो रिंकोन. तू दिवसभर उलटं बोलली होतीस आणि माद्रिदच्या एका आजीनं तुला हात धरून दोन्ही कोपरे दाखवले होते. ते सांगताना तू येसराची आमटी ढवळत होतीस आणि तुझं तोंड चालूच होतं. मी म्हणाले, आमटी लागेल. तू म्हणालीस, लागू द्या, मॅडम, आज मला दोन कोपरे भेटले.

त्या घरात मी अजून राहते, सारिका. हे तुला कळतंय ना? त्याच स्वयंपाकघरात मला सकाळी उठून चहा करायचा असतो.

*

आता रामोन आणि एल्विराबाईंचं. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि अर्ध्यावर राहिलं.

कोलंबियातलं ते वयस्क जोडपं. तो गवंडी होता, आयुष्यभर घरं बांधलेला. कैलास लेणं खालून बघून त्याचं समाधान होईना. त्यानं तुला सांगितलं की मी जन्मभर खालून वर बांधत आलो, ह्या लोकांनी वरून खाली कसं खोदलं ते मला वरूनच बघायचंय. ऊन होतं. तू म्हणालीस, उद्या सकाळी चढू. तो म्हणाला, उद्या आम्ही निघणार. मग तू चला म्हणालीस. वरच्या कडेला पोचून त्यानं खाली बघितलं आणि तिथून हलेचना, हे तू मला पुढं कितीदा सांगितलंस. त्याचा चेहरा लई आनंदी होता, म्हणायचीस. उतरताना तो एका दगडावर बसला आणि त्याला उठता येईना.

तुम्ही गाडी केली. दौलताबादच्या किल्ल्याच्या वेशीत वाहनं अडकलेली होती, नेहमीसारखी. तू खाली उतरून लोकांना हात जोडत वाट करून घेतलीस. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात पोचलात तेव्हा त्याला धुगधुगी होती. पुढं काही वेळ डॉक्टरांनी सगळं केलं. मग डॉक्टर बाहेर येऊन तुला मराठीत म्हणाले की संपलंय, मी आता बाईंना सांगतो, तुम्ही दुभाष्याचं काम करा.

तेवढ्या मिनिटात तू मला फोन केलास. तुझा आवाज दबलेला होता. "मॅडम, डॉक्टर इंग्रजीत सॉरी म्हणतील. सॉरीला काय म्हणू?"

इंग्रजीत एक शब्द आहे. पायावर पाय पडला तरी सॉरी, माणूस मेला तरी सॉरी. स्पॅनिशमध्ये तसं नाही. वाटेत कुणाला बाजूला करायचं तर दिस्कुल्पे. दुसऱ्याच्या दुःखाचं दुःख झालं तर लो सिएन्तो, म्हणजे शब्दशः 'मला ते जाणवतंय'. आणि आपल्या हातून काही घडलं असेल, त्याची क्षमा हवी असेल, तर पेर्दोन. मी तुला एका दमात सांगितलं की लो सिएन्तो म्हण. पेर्दोन चुकूनही म्हणू नकोस, नाही तर त्यांना वाटेल की डॉक्टरांकडून चूक झाली. तू 'व्हय' म्हणालीस आणि फोन ठेवलास.

आत गेल्यावर डॉक्टरांचं वाक्य तू बरोबर सांगितलंस. लो सिएन्तो. सगळं नीट. आणि मग त्या बाईंचा हात धरून, तुझ्या स्वतःच्या मनानं, तू म्हणालीस, "पेर्दोनेमे." मला माफ करा.

त्यांचा मुलगा तिकडून फोनवर ऐकत होता. त्याला कळेना की माफी कोण मागतंय आणि कशाची. त्यानं रुग्णालयाला विचारलं, पर्यटन कंपनीला विचारलं, की तुमच्याकडून काय चुकलं ते सांगा, कारण तुमच्या माणसानं माफी मागितली आहे. त्या डॉक्टरांना वरच्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं की मी असं काही बोललोच नाही. ते तुझ्यावर चिडले आणि त्यांचं चिडणं वाजवी होतं. कंपनीनं तुला काम देणं थांबवलं. पुढचा अख्खा हंगाम तू घरी बसलीस, ओसरीत, पाय पोटाशी घेऊन.

तेव्हा मी तुला बोलले. दुभाष्याचं तोंड दुसऱ्यासाठी असतं, त्यात स्वतःचं काही घालायचं नसतं, हे मी तुला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. कुणाचं वाक्य कुणाचं आहे हे समोरच्याला कळलंच पाहिजे. तुला माफी मागायची होती तर डॉक्टर गेल्यावर मागायचीस.

तू म्हणालीस, "डॉक्टर गेल्यावर त्या कुठं ऐकायच्या राहिल्या असत्या?"

मी म्हणाले, आणि माफी कशाची? त्यांनी स्वतः हट्ट केला. तू नाही म्हणत होतीस.

त्यावर तू जे बोललीस ते मी तेव्हा उडवून लावलं होतं, पण शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे. "लो सिएन्तो म्हणजे मला जाणवू राहिलं. मला काय जाणवतं, ते त्या बाईनं घेऊन काय करायचं? पेर्दोन म्हणलं की गोष्ट त्यांच्या हातात जाते, मॅडम. माफी द्यायची का नाय, ते त्यांनी ठरवायचं."

"आणि मराठीत काय म्हणशील?" मी मुद्दाम विचारलं, तुला कोंडीत पकडायला.

"मराठीत काहीच म्हणत नाय. आपल्याकडं कुणी मेलं की येऊन बसतेत. पण मला त्यांच्या देशात जाऊन बसता थोडंच येतंय."

एल्विराबाईंनीच पुढं मुलाची समजूत घातली. तुझ्या फोनवर त्यांचे बोललेले निरोप यायला लागले. रामोनला आयुष्यात कुणी थांबवू शकलं नाही, मीसुद्धा नाही, असं त्यांनी कळवलं. तू पुन्हा माफी मागितलीस. त्या म्हणाल्या, माफ करण्यासारखं काही नाहीच, मुली. कंपनीनं तुला परत बोलावलं. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

तुझ्या दृष्टीनं तो कधीच संपला नाही. "माफ करण्यासारखं काही नाय, असं म्हणणं येगळं," तू म्हणायचीस, "आन् माफ केलं म्हणणं येगळं. त्यांनी हातात घेतलंच नाय ते." मी म्हणायचे, तू शब्दांचा कीस पाडतेस. तू म्हणायचीस, तुम्हीच शिकवलं. आणि मग दोघी हसायचो, आणि तू उठून भाकरी टाकायला जायचीस. पण हसून झाल्यावर तुझा चेहरा कसा व्हायचा ते मी बघत होते.

*

रक्ताचा कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा तू डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारलास की हिवाळ्यात माझे गट आहेत, तोवर उभी राहीन का. हिवाळा आला. गट आले असतील. त्यांना वेरूळ कुणी दाखवलं मला माहीत नाही.

तुझे केस गेले तेव्हा तू ती वेरूळची टोपी घालून बसायला लागलीस. आबा गावाकडं जाऊन-येऊन होते, शेतात अद्रक उभी होती. मी तुझ्याजवळ. रोज दुपारी मी तुला स्पॅनिशमधून काहीबाही वाचून दाखवायचे आणि माझे उच्चार तू सुधारायचीस. हो, तू माझे. तुझ्या कानात खरी माणसं बसली होती, माझ्या कानात नुसती पुण्यातली शिकवणी. त्याचा मला राग यायचा नाही. मला वाटायचं, चुकत राहावं, म्हणजे ही बोलत राहील.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. दुखायला लागलं की तू "माय वो" म्हणायचीस. डोळे मिटलेले असायचे. तुझी आई तू लहान असतानाच गेली, आणि आपल्याकडं दुखलं की सगळेच मायला हाक मारतात, हे मला ठाऊक होतं. ती हाक मला नव्हती. तरी मी दर वेळी "ओ" दिली. मोठ्यानं नाही, तुला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. नर्सनं एकदा ऐकलं आणि तिला वाटलं की तुझी आई मीच. मी तिला काही सांगितलं नाही.

एल्विराबाईंचे निरोप येत होते. तू प्रत्येकाला छान बोलून उत्तर द्यायचीस, आधी घोटभर पाणी प्यायचीस आवाज साफ करायला. त्यांना कळवू का, असं मी विचारलं तर मान हलवलीस. "नका सांगू. त्या लो सिएन्तो म्हणतील." आणि हसलीस, ओठ फुटलेले होते तरी.

मग तो दिवस, ज्याच्यानंतर आपण धड बोललोच नाही. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मला वाटलं तू झोपली आहेस. तू डोळे न उघडता म्हणालीस, "मॅडम, त्या एकदा म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं."

काय ते मी विचारलं नाही, कळलं होतं. मी म्हणाले, अगं, त्यात तुझी काही चूकच नव्हती, किती वेळा सांगू.

"तुम्हीबी तेच," तू म्हणालीस, आणि तोंड खिडकीकडं केलंस.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. त्याच्या पुढचं तुला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि ते मला कुणाला तरी देऊन टाकायचंय, पण कुणाला देऊ? असल्या गोष्टी मी तुलाच सांगत आले.

*

दहाव्याला गावी गेले. कन्नडहून पुढं जीपनं. तुमच्या ओट्यावर बायका येऊन बसत होत्या. तू सांगितलं होतंस तसंच. कुणी काही बोलत नव्हतं. एकीनं भाकऱ्यांची टोपली आत नेऊन ठेवली, दुसरीनं पातेलं. एक म्हातारी माझ्या शेजारी बसून नुसती माझा हात चोळत राहिली. मी कोण, कुठली, तिनं विचारलं नाही.

मला तिथं बसवेना. तुझ्या गावातल्या त्या सगळ्या बायकांना बसता येत होतं आणि मला नाही. मला शब्द हवा होता. तोंडात धरायला काहीतरी हवं होतं. मी उठून आतल्या खोलीत गेले, पाणी प्यायला म्हणून.

आबा आत होते. भिंतीवर तुझा तो फोटो लावला होता, गाईडच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून आणलेला. आबांना वाटलं असेल की कुणी नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन ते फोटोपुढं उभे होते आणि म्हणत होते, "माफ कर, बाई. तुह्या बापाला काही करता आलं नाय." मग तेच पुन्हा. त्यांनी काय केलं होतं, सारिका? अद्रकीचं शेत सोडून धावत आले, रक्त दिलं, फरशीवर बसून राहिले. माफ करण्यासारखं काही नव्हतं. माझ्या तोंडात ते वाक्य आलंही होतं. आणि तिथंच माझी जीभ थांबली.

मी मागं सरकले. त्यांना कळू न देता बाहेर येऊन ओट्यावर बसले. या वेळी बसता आलं.

*

काल सकाळी एल्विराबाईंना फोन केला. तिकडं संध्याकाळ होती. तुझ्या फोनवरूनच केला, त्यामुळं त्यांना वाटलं तूच, आणि त्या आनंदानं बोलायला लागल्या. मला त्यांना मधेच तोडावं लागलं. मी कोण ते सांगितलं, आणि मग तू गेल्याचं सांगितलं. 'मरणं' हे सरळ क्रियापद वापरलं. तुझ्यासाठी सौम्य शब्द शोधायची ताकद नव्हती.

पलीकडून आलं, तू म्हणाली होतीस तेच. लो सिएन्तो. लो सिएन्तो मुचो. त्या खरंच रडत होत्या, सारिका. त्यांना जाणवत होतं. त्यात काही खोटं नव्हतं.

मी म्हणाले, तुमच्याकडं एक मागायचंय. तिनं तुमच्याकडं माफी मागितली होती.

त्या लगेच म्हणाल्या, पण माफ करण्यासारखं काही नव्हतंच, मी तिला किती वेळा सांगितलं.

"मीही सांगितलं," मी म्हणाले. "दोघींनी सांगितलं. तिला ते पुरलं नाही. तुमचं बरोबर आहे, माझंही बरोबर आहे, काही नव्हतं. तरी तुम्ही म्हणा. एकदा म्हणा."

माझा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत स्पॅनिशमध्ये मी कुणाशी त्या आवाजात बोलले नव्हते. एका परक्या बाईला, जिचा नवरा माझ्या शहरात मेला तिला, मी धमकावल्यासारखं सांगत होते. त्या हळू म्हणाल्या, पण आता कुणाला म्हणू?

मी फोन घेऊन तुझ्या खोलीत गेले. मी तिथं अजून काही हलवलेलं नाही. तुझी खाट, तिच्यावर घडी घातलेली गोधडी, खुंटीवर टोपी. फोन मोठ्या आवाजावर टाकून उशीवर ठेवला आणि म्हणाले, तिच्या खोलीत ठेवलाय, बोला.

रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. तो पुढं जाईपर्यंत त्या थांबल्या की काय कोण जाणे. मग म्हणाल्या, "सारिका, इहा. ते पेर्दोनो." मुली, मी तुला माफ केलं. एवढंच. त्यापुढं काही नाही, 'नाहीच' नाही, 'पण' नाही. तुला हवं होतं तसं, नुसतं.

मी खाटेच्या कडेला उभी होते. मला वाटलं होतं की हे ऐकल्यावर काहीतरी होईल. माझ्या आत काहीतरी सुटेल, खोलीत काही बदलेल. काही झालं नाही. गोधडी होती तशी होती. जे तुला हवं होतं ते शेवटी आलं आणि माझ्याच हातात येऊन पडलं, आणि मी ते घेऊन कुठं जाऊ हे मला कळेना.

एल्विराबाईंनी विचारलं, "तिनं ऐकलं का?"

दुभाष्यानं आपलं काही घालायचं नसतं. समोरचा जे म्हणाला नाही ते त्याच्या तोंडी द्यायचं नसतं. हे मी तुला शिकवलं, त्यावरून तुला रडवलं, त्यावरून वर्षानुवर्षं तुझ्याशी भांडले, आणि आजही माझं तेच म्हणणं आहे.

मी म्हणाले, "सी." हो. ऐकलं तिनं.

सारिका, मला खोटं पाडू नकोस.